वरचं दूध

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे नाकवाली म्हणत. तिचं स्वतःचं नाक बेताचंच होतं, पण बसकं, धारदार, एका बाजूला कललेलं, कसलंही नाक समोर येऊ दे, त्यावर चष्मा बसवावा तो तिनेच. काडी तापवायची, बोटांनी हलकेच वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे घालून बघायची, पुन्हा काढायची. दिवसभर हेच चालायचं आणि ती कधी वैतागायची नाही. मालक म्हणायचा, "ही बाई एखाद दिवशी हत्तीलाही चष्मा लावून घरी पाठवेल."

त्यामुळे मुलगी झाली तेव्हा बाकी सगळ्याची धास्ती तिने घेतली होती, पाजण्याची मात्र नाही. कळांची भीती वाटली होती, टाक्यांची वाटली होती. पाजायचं काय, ते तर मांजरीलाही जमतं.

दवाखान्यात पहिल्या नर्सने बाळाचं डोकं धरून छातीशी दाबलं. बाळाने तोंड उघडलं, पकडलं, सोडलं आणि किंचाळायला लागलं. "बोंडं जरा बसकी आहेत," नर्स म्हणाली. "येईल हळूहळू. तिलाही शिकायचंय, तुम्हालाही." दुसरी म्हणाली, असं आडवं नका धरू, काखेत घ्या. तिसरी म्हणाली, काखेत कोणी सांगितलं, आडवं पडून पाजा. जितक्या नर्सा तितक्या तऱ्हा. ती प्रत्येकीचं ऐकत गेली. मुलगी प्रत्येक तऱ्हेने रडत गेली.

घरी आल्यावर नवऱ्याने खिडकीजवळच्या खुर्चीचा एक हात करवतीने कापून टाकला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, अडलेली वस्तू दिसली की त्याचा हात हत्याराकडे जायचा. तिचं कोपर त्या हाताला अडतं एवढंच त्याला समजलं होतं आणि तेवढं त्याने केलं. कापलेली कड घासून गुळगुळीत केली, वर कापड गुंडाळलं. ती त्या खुर्चीत बसली, ब्लाउजची बटणं काढली आणि मुलीला जवळ घेतलं. मुलीने पकडलं तेव्हा काच घुसावी तशी कळ थेट पाठीपर्यंत गेली. तिने दात आवळून धरले. थोड्या वेळाने मुलीच्या ओठांवर लाल दिसलं आणि सासूबाई घाबरून पुढे आल्या.

"तिचं नाही आई, माझं आहे," ती म्हणाली.

सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. जन्मभर धोबीखान्यात इस्त्री केलेली बाई. सून बाळंतीण झाली तसं सगळं घर त्यांनी अंगावर घेतलं होतं. तिच्या हातातला पेला रिकामा झालेला त्यांना बघवायचा नाही. कौतुकाने त्या सांगायच्या, "मला तर इतकं यायचं की कपडे पिळावे लागायचे. शेजारणीच्या मुलालाही पाजलंय मी." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन म्हणायच्या, "पण तो जमाना वेगळा होता, पोरी." खालच्या मजल्यावरची बेकरीवाली बाई बाळ बघायला आली, तिने एवढीही भीड ठेवली नाही. दूध काढायच्या पंपाच्या बाटलीच्या तळाला जेमतेम ओल दिसत होती. तिकडे बघून ती म्हणाली, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ती गेल्यावर सासूबाईंनी दार जरा जोरातच लावलं.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असं लोक म्हणतात. या घरात मुलगी रडत होती, आईही रडत होती, आणि पोट कोणाचंच भरत नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरांनी मुलीला वजनकाट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि पुन्हा एकदा ठेवलं. मग तिच्या मांडीची कातडी चिमटीत धरून पाहिली. "वरचं दूध सुरू करा," ते म्हणाले. "आजपासून."

"आणखी थोडं थांबलं तर? मी पंप लावतेय. मधूनमधून पकडतेसुद्धा ती."

"तुम्ही थांबू शकता," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ती नाही."

त्या दुपारी सासूबाईंनी बाटली भरली. मुलगी त्या रबरी बोंडावर तुटून पडली, श्वास घ्यायलाही थांबेना. बाटली संपवून तशीच, तोंड उघडं टाकून झोपली. जन्मल्यापासून ती अशी झोपलीच नव्हती. घर शांत झालं. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. तिलाही हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. इतके दिवस आपण आपल्याच लेकीला उपाशी ठेवलं, हे तिला त्या झोपेकडे बघून कळलं.

तरी तिने सोडलं नाही. आधी अंगावर, मग बाटली, मग पंप, आणि पंप धुऊन होईपर्यंत पुन्हा अंगावर. पण बाटलीतून धार लागते हे मुलीला उमगलं होतं. आता बटणं उघडायचा अवकाश, ती पाठीची कमान करून ओरडायला लागायची. परकी बाई दिसली की मुलं रडतात तशी ती छाती दिसली की रडायची.

अशातच थोरली नणंद आपल्या मुलाला घेऊन राहायला आली. शाळेची बस चालवायची ती. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिचा मुलगा चार महिन्यांपूर्वी झालेला, मनगटाला वळ्या पडलेला. "हा माझा मुलगा नाही, भाडेकरू आहे," नणंद म्हणायची. "दिवसरात्र खातो आणि भाडं म्हणून लंगोट देतो." ते ऐकून मुलीची आई खूप दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी काही केल्या जवळ येईना. नणंदेने तिला आईच्या हातातून घेतलं. "जा, डोक्यावरून पाणी घे आधी. केसांचा वास बघ स्वतःच्या. मी आहे ना."

ती न्हायला गेली. न्हाणीघरात पाण्याच्या आवाजातही तिला मुलीचं रडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. सासूबाईंनी बाटली दिली असेल, असं वाटून तिने केस सावकाश धुतले.

बाहेर आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात होत्या आणि बाटली ओट्यावर कोरडी पडली होती. हात कापलेल्या खुर्चीत नणंद बसली होती. मुलगी तिच्या अंगावर पीत होती. तोंड पूर्ण उघडं, हनुवटी रुतलेली, गाल भरलेले. घुटक्यांचा आवाज दारापर्यंत येत होता. एक चिमुकला पंजा नणंदेच्या छातीवर पसरला होता.

नणंदेने वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं, फार रडत होती. मला राहवलं नाही. राग आला तुला?"

"नाही," ती म्हणाली. राग यायला आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. जवळ जाऊन तिने वाकून बघितलं. "कसं धरलं तिने?"

"धरलं काय, आपोआपच."

तेव्हा तिला छातीत मुंग्या आल्या, मग जड कळ, आणि अंगाला गुंडाळलेला पंचा ओला व्हायला लागला. केसांचं पाणी असेल म्हणून तिने हात लावला. दूध होतं. पान्हा असाच येतो म्हणे, बायका सांगतात, मुलाला पिताना बघून. तो दोन्हीकडून वाहत होता, पोटावरून ओघळत होता.

"दे इकडे," ती म्हणाली. "दे, वन्सं, लवकर."

नणंदेने घाईघाईने मुलीला सोडवून तिच्या हातात दिलं. तिने मुलीचे ओठ छातीला लावले. दूध मुलीच्या गालावर पडलं, नाकावर पडलं, कानात गेलं. मुलीने कंटाळल्यासारखं तोंड फिरवलं. तिचं पोट तट्ट भरलं होतं. आईच्या ओल्या अंगावर डोकं टाकून ती झोपी गेली, आणि दूध बराच वेळ फरशीवर ठिबकत राहिलं. नणंद फडकं आणायला उठली. जाताना म्हणाली, "मी राहते आणखी." तिने मान हलवूनच नको म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "प्यायली ना पण ती?"

"प्यायली."

"मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

नणंद गेली आणि इकडे तिला ताप भरला. डाव्या बाजूला गाठ झाली, तिचा दगड झाला, कातडी लाल होऊन चकाकायला लागली. औषधांनी उतरेना. शेवटी दवाखान्यात दाखल करून गळू कापावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधून झाल्यावर सांगितलं, "दुसऱ्या बाजूने चालू ठेवता येईल. पण आधीच कमी आहे, तुमची ओढाताणही फार झालीय. बंद करायचं असेल तर गोळ्या देते. तुम्ही ठरवा."

कोणीतरी नको म्हणेल म्हणून ती थांबली. सासूबाई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"तुला पाहिजे तसं," तो म्हणाला.

"द्या गोळ्या," ती म्हणाली, आणि नवऱ्याने रोखून धरलेला श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

त्यानंतरही दूध लगेच गेलं नाही. वॉर्डात दुसऱ्या कोणाचं मूल रडलं तरी उजवी बाजू ओली व्हायची. मग तेही कमी झालं. एका सकाळी अंग हलकं वाटलं, कपडे कोरडे होते, आणि तिच्या लक्षात आलं की संपलं.

मुलीने बाळसं धरलं. येणारे-जाणारे म्हणायचे, "बघा, उगीच जिवाला घोर लावून घेतला होतात." ती हो म्हणायची. ते खरंच होतं. फक्त मुलगी आता सासूबाईंच्या हातून चटकन प्यायची, आणि तिच्याकडे आली की आधी थोडी कुरकुर करायची. सासूबाईंना ते दिसत होतं. बाटली भरून त्या म्हणायच्या, "तूच घे हिला. माझी पाठ धरलीय." पाठ धरलेली बाई मग बादली उचलून कपडे वाळत घालायला निघून जायची.

एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, "मी इतकं पाजलं, पण तुला खरं सांगू? त्यातलं एकही आठवत नाही मला. हात चालायचे, एवढंच."

"मला सगळं आठवतंय," ती म्हणाली.

सासूबाईंनी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

तिने मुलीला उचलून घेतलं, बाटली कोपरावर धरून दूध कोमट आहे ना बघितलं आणि तिच्या तोंडात दिली. मुलगी पीत होती. डोळे उघडे होते आणि भिंतीवरच्या उन्हाकडे लागले होते. मध्येच ते फिरून आईच्या चेहऱ्यावर आले, क्षणभर थांबले, आणि पुन्हा उन्हाकडे गेले. बाटली संपली. ढेकर आला. खांद्यावरच ती झोपली, आणि झोपेतही तिचे ओठ चोखल्यासारखे हलत राहिले.

तिने तिला गादीवर ठेवलं आणि बाटली धुवायला उठली.