जागच्या जागी फिरणारी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे, पण माझं मागचं चाक जमिनीला टेकत नाही. लोखंडी घोडीवर उचलून मला बालीगंजच्या या घरात कपाटाशेजारी कायमची उभी केली आहे. सायकलीच्या जातीला याहून मोठी नामुष्की नाही, असं मला आधी वाटायचं.

हावड्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. लीना मला शाळेत न्यायची. रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवायची तिला भारी हौस! लग्न होऊन ती बराकपूरला गेली आणि मी गॅलरीत गंजत पडले. त्याच सुमारास तिच्या आई, कालिंदीबाई, धापा टाकू लागल्या. कोळशाच्या शेगडीचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला होता. जरा चाललं की दम लागे, म्हणून घरच्यांनी त्यांना उठूच दिलं नाही. त्यानं त्या आणखीच खंगल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मात्र उलटंच सांगितलं. "फेफड़े तो नए नहीं होंगे. पैरों में जान आएगी तो कम साँस में काम चलेगा. साइकिल चलाइए, मगर उतनी ही कि बात कर सकें."

मग त्यांच्या यजमानांनी, श्यामकांतरावांनी, मला घोडीवर चढवलं. कालिंदीबाई हळूहळू सावरल्या. पण पाहुणे आले की माझ्यावर चादर पडायची. या वयात साडी नेसून खोलीत सायकल मारते, असं कुणी म्हणेल याची त्यांना लाज वाटे. मला फार राग यायचा.

बाहत्तर सालच्या थंडीत लीनाला सातवा महिना लागला. तिच्या सासूबाई, प्रेमलताबाई, बराकपूरहून आल्या आणि चहा घेता घेता म्हणाल्या, "विहीणबाई, स्पष्टच बोलते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे खरं. पण तुम्हालाच धाप लागते. लीनानं इथं येऊन तुमचंच करत बसायचं का?"

कालिंदीबाईंचा चेहरा पडला. त्या उठल्या, माझ्यावरची चादर ओढली आणि पदर खोचून माझ्यावर बसल्या.

"आता बोलू या," त्या म्हणाल्या.

पण ईर्ष्येनं त्यांनी पेडल फारच जोरात मारले. माझी साखळी खडखडली. "मी लीनाला..." एवढंच बाहेर पडलं, पुढे शब्दच फुटेना. प्रेमलताबाई घाबरून उठल्या. श्यामकांतराव दाराशी थिजले. आता लीना येत नाही, असं वाटून माझा जीव टांगणीला लागला.

कालिंदीबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पायांची गती कमी केली. ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

"मी लीनाला सांभाळेन," अखेर त्या पाय फिरवता फिरवता म्हणाल्या. "पण माझ्या चालीनं. झेपलं नाही तर मदत मागेन. आजवर झाकत आले, तेच चुकलं."

प्रेमलताबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "रविवारी लीनाला घेऊन येते. मीही राहते. शेगडीपाशी मी, बाळंतिणीपाशी तुम्ही."

मित्रांनो, तुमच्या घरात दम लागणारं माणूस असेल तर त्याला जपा, पण जपण्याच्या नावाखाली खाटेवर बसवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून त्याला हातपाय हलवू द्या. शेजारी बसून गप्पा मारा. बोलता बोलता ते मध्येच थांबलं, तर तुम्हीही जरा थांबा. त्याचं वाक्य अजून संपलेलं नसतं.