पिल्लांचं मराठी बारसं

कोल्हापूरच्या सफारी पार्कात अस्वलीण आली ती कर्नाटकातून, दोन तरसांच्या बदल्यात. येताना ती पोटुशी होती, हे तिकडच्यांनी सांगितलं नाही आणि इकडच्यांनी विचारलं नाही. आल्यावर थोड्याच दिवसांत दोन पिल्लं झाली. पार्क समितीचे अध्यक्ष प्रभुलिंगअण्णा यांना स्वतःचा नातू झाला तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता. नातवाच्या वेळी निवडणूक जवळ नव्हती.

अण्णा मराठीचे कडवे अभिमानी. शाहूपुरीतल्या कितीतरी इंग्रजी पाट्या त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं उतरल्या होत्या. त्यांनी लगेच फर्मावलं, "पिल्लं ह्या मातीत जन्मली. ती मराठीच ऐकणार. आणि त्यांची आईपण!"

अस्वलीण येताना गंगव्वा होती, तिची रणरागिणी झाली. तिला कानडीत हाक मारणारा एकच राखणदार होता, त्याला तिकीटखिडकीवर बसवलं. तो रागानं रजेवर गेला. तिकडं गेलेल्या तरसांनी कुठली भाषा बोलावी, यावर मात्र समितीत चर्चा झाली नाही.

तेव्हापासून रणरागिणी मनात येईल तेव्हाच बाहेर यायची. तिच्या मनात फारसं येत नसे.

बारसं ठरलं तीन महिन्यांनी, एका रविवारी. त्याच दिवशी पुण्याहून पक्षाचे निरीक्षक विजयसिंहराव येणार होते आणि अण्णांचं तिकीट त्यांच्या हातात होतं. फ्लेक्सवर अण्णा अस्वलाएवढे आणि अस्वल अण्णांच्या घड्याळाएवढं. नावं ठरली होती, झुंजार आणि तुफान. पिल्लं नर की मादी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बघायला जवळ गेलेला माणूस सांगायला परत येईल याची खात्री नव्हती. सजवलेल्या पाळण्यात तूर्त वरवंटा झोपवला होता. दोरी ओढायला अण्णांच्या मातोश्री बसव्वा बसल्या होत्या.

"पिल्लं दिसली की मी निघतो," विजयसिंहराव म्हणाले. "नाही दिसली तरी निघतो. ज्याला दोन पिल्लं बाहेर काढता येत नाहीत, तो मतदार काय बाहेर काढणार?"

अण्णांनी माइक घेतला. "रणरागिणी! ये, बाळांना घेऊन ये!"

आतल्या पिंजऱ्याच्या अंधारात काहीतरी घोरलं.

"ये की गं बाई!" राखणदार आकाराम ओरडला. त्यानं मध दाखवला, केळी दाखवली.

"माहेरचं कोण बोलावलं न्हाय, म्हणून रुसलीया!" गर्दीतून एकजण.

"अण्णा, नाव तरी तिला इचारून ठेवायचं की!"

विजयसिंहरावांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात बसव्वा उठल्या आणि जाळीशी जाऊन कानडीत म्हणाल्या, "बा तायी, बा."

घोरणं थांबलं. दारात एक काळं नाक आलं आणि तिथंच थांबलं.

"म्हातारे, बाप्याचा आवाज पायजे," आकाराम म्हणाला. "तिला आजवर गड्यानंच हाक मारलीया. कानडी येणारा बाप्या हाय का कोण हितं?"

गर्दी एकमेकांकडं बघू लागली. बसव्वा फक्त लेकाकडं बघत होत्या.

"प्रभू, मार की हाक."

"आईसाहेब, गप्प बसा!"

विजयसिंहराव खुर्चीतून उठले. अण्णांनी माइक बंद केला, पाठ गर्दीकडं केली आणि हळू आवाजात कानडीत तिला बाहेर बोलावलं, "बा अव्वा. होरगे बा."

पण कोल्हापुरी माणसाचा हळू आवाज पुढच्या गल्लीपर्यंत जातोच.

अस्वलीण डुलत बाहेर आली. पाठीवर दोन्ही पिल्लं आईचे केस गच्च धरून बसलेली. थेट अण्णांसमोर येऊन तिनं जाळीला नाक लावलं. गर्दीतून शिट्ट्याच शिट्ट्या.

"अण्णा, झ्याक बोलताय की!"

"पाटी कवा बदलायची, अण्णा?"

विजयसिंहराव गाडीत बसताना म्हणाले, "सीमेवरच्या मतदारसंघात तुमचं नाव सुचवतो. तिकडे असाच माणूस हवा." हे कौतुक की टोमणा, हे अण्णांना कळलं नाही. त्यांनी आभार मानून टाकले.

संध्याकाळी हॉलमध्ये कार्यकर्ते पेढे खात होते. बसव्वा आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या.

"आईसाहेब, जेवायला चला."

अण्णा राजकारणात आले तेव्हापासून घरातसुद्धा फक्त मराठी होती. 'अव्वा'ची 'आईसाहेब' झाली होती. म्हातारीनं त्यावर कधी तक्रार केली नव्हती. निदान अण्णा ऐकून घेतील अशा भाषेत नव्हती.

"त्या अस्वलिणीला कसं बोलावलंस रं?" आतून आवाज आला.

"बाहेर माणसं बसलीत."

"तितं काय म्हशी हुत्या?"

अण्णांनी हॉलकडं बघितलं. पेढे खायचे थांबले होते. अण्णा दाराशी वाकले.

"अव्वा, ऊटक्क बा."

कडी वाजली आणि दार उघडलं. हॉलमध्ये कार्यकर्त्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.