गुरुजींची एसटी

हौसाने पिशवीतून पुस्तक काढलं, पदराने पुसलं आणि वाचनालयात शिगवण गुरुजींच्या टेबलावर ठेवलं. गुरुजींच्या छातीत धडधडायला लागलं. पुण्याच्या मासिकात कौतुक छापून आलं, तेव्हासुद्धा एवढं धडधडलं नव्हतं.

कारण कादंबरी त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यातली चिमा म्हणजे ही हौसा. नाव तेवढं बदललेलं. बाकी सगळं तिचंच. मुंबईला गेलेला नवरा, दोन वर्षांनी थांबलेली पत्रं, एकटीने काढलेली भाताची लावणी, आणि शेवटी गणपतीच्या आदल्या दिवशी स्टँडवर नवरा न उतरताच रिकामी झालेली एसटी. त्या शेवटावर गुरुजींचा भारी जीव!

हौसा मात्र वाचनालयात यायची ती ‘हिरेमहालाची राणी’ या पुस्तकासाठी. उडते घोडे काय, बोलणारे पोपट काय! गुरुजी कपाळाला हात लावायचे. या खेपेस त्यांनी बळेच आपलं पुस्तक तिच्या हातात दिलं होतं.

“वाचलंत, वहिनी?”

“वाचलं की. दोनदा.”

“मग?”

“सगळं खरं हाय, गुरुजी. अगदी पेजेचा वास आला.”

गुरुजींनी खुशीत चष्मा काढून पुसला.

“ती चिमा मीच ना?”

गुरुजी गडबडले. “रागावलात?”

“नाय ओ. रागवायचं काय त्यात?” असं म्हणत तिने कपाटातून राणीचं पुस्तक स्वतःच काढून आणलं.

“पुन्हा तेच? अहो, असं कुठे घडतं का जगात?”

“नाय घडत. म्हणून तर नेते. हिचा राजा बारा वर्षं सात समुद्रांपलीकडे अडकतो. पण शेवटच्या पानावर येतो म्हंजे येतोच. मला ठाऊक असतं, तरी दर टायमाला रडू येतं.”

गुरुजींनी नोंदवही पुढे ओढली. हौसा तिथेच उभी राहिली. तिचं बोट त्यांच्या कादंबरीवर होतं.

“एक विचारू? माज्या वेळची एसटी काय माज्या हातात नव्हती. पण ही तुमच्या हातातली होती ना, गुरुजी?”

“म्हणजे?”

“मग उतरवायचंत की त्याला.”

राणीला पिशवीत घालून ती पायऱ्या उतरून गेली. गुरुजींनी नोंद केली, तारीख घातली. आपलं पुस्तक कपाटात ठेवायला उचललं आणि ते तसंच हातात धरून बसून राहिले.