शब्द नसलेली धून

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. वाशीमच्या वेशीबाहेर एका भाजीच्या मळ्यात, घराच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम आहे. माझी चकती अजून फिरते, पण कुरकुरत. खरं सांगायचं तर मी आता फार थकलो आहे.

तरुणपण मी एका वकिलांच्या घरी काढलं. पाहुणे आले की माझं झाकण उघडायचं आणि सगळे माझ्याभोवती बसायचे. मग कॅसेटी आल्या. मी माळ्यावर गेलो आणि तिथून भंगाराच्या गाड्यावर. त्या गाड्यावरून मला उतरवून घेतलं ते या मळ्याच्या मालकांनी, चंपतरावांनी. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात देऊन ते परत निघाले होते. रिकाम्या टोपल्यात बसवून त्यांनी मला मळ्यात आणलं.

त्यांना एक धून हवी होती. ते शाळेत होते तेव्हा गावच्या चावडीवर रेडिओ होता. बातम्यांना थोडा वेळ उरला, की तो भरून काढायला गिटारची एक विलायती धून लागायची. गाणारं कोणी नाही, नुसती गिटार आणि मागे ड्रमचा ठेका. ती रंगात आली, की बातम्या सुरू व्हायच्या. तिचं नाव कधी कोणी सांगितलं नाही आणि शेवट चंपतरावांनी कधी ऐकला नाही. गाणं असतं तर दुकानदाराला एखादी ओळ तरी सांगता आली असती. धुनेचं काय सांगणार?

त्यांची मुलगी सुचिता नागपूरला नोकरी करते. त्या जमान्यातली वाद्यांची रेकॉर्डिंग आता नव्या तबकड्यांवर पुन्हा निघतात, हे तिला कळलं. ती एकेक मागवून पाठवू लागली. चंपतराव हात स्वच्छ धुवायचे, तबकडी माझ्यावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने म्हणायचे, "हे नोय." तरी एकही तबकडी त्यांनी टाकली नाही. बघता बघता कपाट भरलं.

"तुमाले समजते काय याच्यातलं?" शेजारी विचारायचे.

"याच्यात बोलच नाईत, तं न समजाले हाय काय?"

चंपतरावांची बायको गोजराबाई दाराशी मेथीच्या जुड्या बांधत बसायच्या. "हे नोय" ऐकून त्याही थकल्या होत्या आणि मीही.

पुढे चंपतराव माझा आवाज वाढवू लागले. आज थोडा, उद्या आणखी थोडा. एक दिवस त्यांनी बटण शेवटपर्यंत पिळलं आणि माझ्या स्पीकरचा कागद फाटला. ते मला वाशीमला उकंडराव मेकॅनिककडे घेऊन गेले. उकंडरावांनी कागद बदलला, तबकडी लावली. दुकानातली माणसं दचकली, इतका आवाज झाला.

"अजून कमीच हाय," चंपतराव म्हणाले.

उकंडराव त्यांच्या कानाजवळ वाकले. "मशीन बराबर हाय, काका. कान दाखवून या एकदा."

तिथून ते थेट घरी आले. मला कोपऱ्यात ठेवून त्यांनी वर पोतं टाकलं. सुचिताने कानाचं यंत्र आणून दिलं, तेही डबीतच राहिलं. पोत्याखाली मी धूळ खात पडलो. वाईट वाटलं, पण विश्रांती मिळाली, हेही खरं.

सुचिताची आणखी एक तबकडी आली. ती कोणी उघडलीसुद्धा नाही. एके दुपारी गोजराबाईंनीच पोतं काढलं. आजवर त्यांनी मला हात लावला नव्हता. घाबरत घाबरत त्यांनी सुई टेकवली. एक धून झाली, दुसरी झाली. तिसरी सुरू झाली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. पाटाचं पाणी वळवताना नवरा जन्मभर जे गुणगुणत होता, ते त्यांना ओळखू आलं.

त्यांनी मला बंद केलं आणि वांग्याच्या वाफ्यातून नवऱ्याला हाताला धरून आणलं. यंत्राची डबी पुढे केली.

"कायले?" चंपतराव चिडले.

"घाला कानात. मंग सांगतो," गोजराबाई म्हणाल्या.

त्यांनी कुरकुरत यंत्र घातलं. मी फिरू लागलो. पहिल्याच सुराला त्यांचा चेहरा बदलला. पण लगेच कपाळाला आठी पडली.

"हेच हाय. पण पतऱ्यावानी वाजून राह्यलं."

"वाजू द्या. आयका."

जिथे बातम्या सुरू व्हायच्या ती जागा मागे पडली. चंपतराव पुढे सरकले. धून मात्र थांबली नाही, ती हळूहळू बारीक होत गेली. त्यांनी कानातलं यंत्र दाबलं, माझ्या पेटीला कान लावला.

"संपलं काय?"

"नाई. चालू हाय," गोजराबाई म्हणाल्या.

"अन् आता?"

अजून चालू आहे, अशा खुणेने गोजराबाईंनी बोट वर धरलं. शेवटचा धागा विरेपर्यंत तसंच धरून ठेवलं आणि मग खाली घेतलं.

"कसा हाय शेवट?"

"शेवट नाईच. दूर दूर जाते नुसतं."

चंपतरावांनी तबकडीवरून सुई उचलून ठेवली. मग डोळे पुसत म्हणाले, "तू आयकलं ना? बस झालं."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा कागद बदलता येतो, सुई बदलता येते. माणसाचं तसं नाही. तुमच्या घरात कोणी "काय म्हनलं?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर आवाज चढवू नका. जवळ जाऊन बसा आणि त्याच्या वाटचंही थोडं ऐका.