तक्रार नाही

मेडिकलला शिकणाऱ्या तिची सोमवारपासून मूत्रविकार विभागात पोस्टिंग होती. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून तिने पेशंटला विचारायचे सात प्रश्न एका कागदावर उतरवून घेतले. लघवी थांबून थांबून होते का, जोर करावा लागतो का, पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, रात्री किती वेळा उठावं लागतं... प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. पाठ करायला दहा मिनिटं पुरली. मोठ्याने म्हणायला गेली, तर जीभच उचलेना.

फोनवर मैत्रीण खिदळत होती. "अगं, प्लंबिंगची पोस्टिंग! दोन आठवडे काढ, सह्या घे आणि मोकळी हो. ते प्रश्न कोण विचारत बसतं? आम्ही सगळ्यांनी 'तक्रार नाही' असं ठोकून दिलं. म्हातारे लाजतात, आपणही लाजतो. दोघांची सुटका!"

तिला हसू आलं नाही. वडील जाऊन सात महिने झाले होते.

केस कशी मांडायची हे आठवावं म्हणून तिने दुसऱ्या वर्षाची वही काढली. पहिलंच पान. पुरुष, वय एकसष्ट, व्यवसाय बसचालक, तक्रार चार महिने कंबरदुखी. दीड वर्षापूर्वी सराव म्हणून तिने वडिलांनाच पेशंट केलं होतं. ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले होते. "डॉक्टरीणबाई, आधी जीभ दाखवू की नाडी?" भूक, झोप, खोकला, छातीत दुखणं, तिने सगळं विचारलं होतं. खाली तिच्याच सुबक अक्षरात एक ओळ होती: 'लघवी: तक्रार नाही.'

ती ओळ तिने विचारून लिहिली नव्हती. त्या प्रश्नापाशी येताच वडील चष्मा पुसायला लागले होते आणि तिने पान उलटलं होतं. त्यानंतर आठ महिने कंबरेला पट्टा आणि मलम चालू राहिलं. मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी रक्त तपासेपर्यंत तिथला कॅन्सर मणक्यात पोचला होता.

आईने मागून येऊन पान वाचलं. ती शाळेच्या कचेरीत लिपिक होती. कागद वाचायची तिची सवय जुनी.

"हे तू विचारलं होतंस त्यांना?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

"आई, सगळेच लिहितात."

"माझ्याकडे पालक फॉर्म आणून देतात. एखादा रकाना रिकामा असला तर मी त्यांना परत बोलावते, विचारते. रिकामी जागा दिसते तरी. तू ती भरून टाकलीस. आता कोण विचारणार?"

ती रडवेली झाली. "तुला तरी ठाऊक होतं का?"

आई खुर्ची ओढून बसली. "होतं. वर्षभर होतं. बाथरूममध्ये पाच-पाच मिनिटं उभे राहायचे. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. 'पोरीला सांगू नकोस, तिला लाज वाटेल' म्हणाले. डॉक्टर होणाऱ्या पोरीला! आणि मी तोंड शिवून बसले. तू एक ओळ खोटी लिहिलीस. माझं तर रोजचंच होतं."

तेवढ्यात काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, सत्तावन्न वर्षांचे. दर शनिवारी चक्कर टाकायचे. चपला काढल्या आणि "आलोच" म्हणून थेट बाथरूममध्ये गेले. नळ सुरू झाला. बराच वेळ चालूच राहिला.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

काका रुमालाने हात पुसत बाहेर आले. तिने खुर्ची पुढे केली. "काका, बसा. सात प्रश्न विचारायचेत."

पहिला प्रश्न ऐकताच काकांचे कान लाल झाले. "अगं काय हे! वहिनी, हिला आवरा. लहानपणी हिला कडेवर घेऊन फिरलोय मी, आणि आता माझीच चौकशी?"

"भावोजी, मुकाट्याने उत्तरं द्या."

"वय झालं की होतंच की हे. दादाचंही..." ते थांबले.

तिने खाली न बघता प्रश्न पुन्हा विचारला. मग दुसरा. चौथ्या प्रश्नापर्यंत काकांचं हसणं संपलं. रात्री किती वेळा? "चार. कधी पाच. दोन वर्षं झाली." बेरीज एकवीस आली, म्हणजे त्रास बराच होता.

"बहुतेकांची ग्रंथी नुसती वाढलेली असते, काका. औषधांनी आराम पडतो. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. आणि बाबांना कॅन्सर झाला होता, म्हणून तुम्हाला धोका जास्त आहे. सोमवारी माझ्याबरोबर चला."

काकांनी खालच्या आवाजात विचारलं, "दादालाही इतकाच त्रास होत होता?"

"होत होता, काका. मला आज कळलं. मी विचारलंच नाही!"

काकांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग काका म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

सोमवारी रांगेत त्यांचा नंबर आला, तेव्हा केसपेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने मान वर न करताच 'तक्रार नाही' लिहायला घेतलं. तिने कागदावर हात ठेवला. "आधी विचार त्यांना."

वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी आपण पगाराचं, पेन्शनचं, दुखऱ्या गुडघ्याचं बोलतो. लघवीच्या त्रासाविषयी बोलत नाही, आणि त्या गप्प बसण्याला मान राखणं म्हणतो. डॉक्टरही त्यात सामील होतात, कारण वेळ वाचतो. हा मान राखणं आता बंद करा. तुमच्या माणसाला विचारा, आजच, साध्या शब्दांत. तो चिडेल, थट्टेवारी नेईल. पुन्हा विचारा. त्या मुलीला सातही प्रश्न आता न अडखळता विचारता येतात. ज्यांना विचारायला हवे होते, ते तेव्हा समोरच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.