ही माझ्याशी भांडत नाही

सकाळी मी म्हणालो, चहात साखर जास्त झालीय. झाली नव्हती. चहा अगदी हवा तसा होता, पण ही काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. ही म्हणाली, "हो का? थांबा, दुसरा करून आणते." आणि कप उचलून आत गेली. मी पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो. मला भीती वाटली.

यात घाबरण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल त्याला आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे चहाला नाव ठेवलं की आधी 'स्वतः करून बघा एकदा' येतं. मग आईने मला कसा लाडावून ठेवला ते निघतं, मग माझी बहीण, तिच्या घरचा पांचट चहा, तिचा नवरा. सगळ्या नातेवाइकांचा उद्धार होईपर्यंत कप जागचा हलत नाही आणि शेवटी मी तोच चहा पितो. लग्न झाल्यापासून हे असंच. ओल्या टॉवेलवरून, पंख्याच्या वेगावरून, डब्याचं झाकण कोणी उघडं टाकलं यावरून आम्ही भांडत आलो. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. खरं सांगायचं तर कामावरून येताना जिन्यातच हिचा आवाज कानावर पडला की अर्धा शीण तिथेच उतरायचा. सगळे जागेवर आहेत, ठीक आहेत, आणि मी आल्यावर माझाही नंबर लागणार आहे, एवढं त्या आवाजावरून कळायचं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. करायचो. खाली बघितलं तर डोळे फिरतील अशा ठिकाणी, लिफ्टच्या टपावर उभं राहून मी उभ्या आयुष्यात कधी घसरलो नाही. आणि पडलो कुठून, तर घरच्या स्टुलावरून. पडद्याची दांडी सैल झाली होती आणि ही कधीपासून मागे लागली होती. त्या दिवशी सुट्टी होती. हिने इतकं डोकं खाल्लं की मी एकदाचा तावातावाने चढलो. स्टूल डुगडुगलं आणि माझी पाठ टेबलाच्या कडेवर आदळली. तेव्हापासून कमरेखालचं काही मला कळत नाही. पाय आहेत, चादरीखाली दिसतात. पण कोणीतरी आपलं सामान आपल्याकडे ठेवून जावं तसे ते पडलेले असतात.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून स्ट्रेचर वळेना, म्हणून माझा पलंग बाहेरच्या खोलीत लावला. तेव्हापासून सगळं घर माझ्या डोळ्यांसमोरून जातं येतं. ही सकाळी माझं अंग पुसते, भांडं देते, कूस बदलते. मग कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाते, तिथे काउंटर सांभाळते, दुपारी येऊन मला जेवायला वाढते आणि परत जाते. आमची मुलगी ठमी चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहे, ती संध्याकाळी येते. आणि दिवसभर सोबतीला सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात. ऐकू कमी येतं, पण पत्ते खेळताना माझ्या हातात काय आहे ते त्यांना बरोबर कळतं, कारण त्या सरळ वाकून बघतात.

आणि या तिघींनी माझ्याशी गोड वागायचं ठरवलेलं आहे.

ठमीचंच घ्या. ही पोरगी बोलायला लागली तेव्हापासून मला उलट उत्तर देत आली. परवा मी तिला म्हणालो, हे केस असे काय कापलेस, झाडूसारखे दिसतात. पूर्वी असतं तर तिने माझ्या टकलावर भाषण दिलं असतं. ती म्हणाली, "हो बाबा, जरा बिघडलेच." आणि माझी उशी सारखी केली. सासूबाईंनी तर हद्दच केली. ज्या बाईने जावयाला हरवण्यासाठी राणी मांडीखाली लपवली, त्या आता मला जिंकू देतात. एक्का हातात असताना दुर्री टाकतात. मी बघितलं की खिडकीकडे तोंड फिरवतात. मी चिडून पत्ते फेकले तर एकेक गोळा करून म्हणाल्या, "तुम्ही दमलात, पडा थोडं."

हा आवाज मी ओळखतो. म्हणून तर झोप उडाली.

आमच्या धंद्यात जी लिफ्ट अजून दुरुस्त होण्यासारखी असते तिच्याशी आम्ही भांडतो. शिव्या देतो, लाथ घालतो, मालकावर ओरडतो की तेलपाणी का केलं नाही, दार का आपटू दिलं. पण एखादी लिफ्ट अशी निघते की टपावर चढून बघितल्याबरोबर कळतं, हिच्यात आता काही राम नाही. मग खाली उतरून हात पुसत मालकाला आम्ही फार गोड बोलतो. "बघू हो. जुनी आहे, पण चांगली आहे. जपून वापरा." मालक खूश होतो. मी स्वतः किती मालकांना असं खूश करून जिना उतरलोय. आता माझ्या पलंगाभोवती सगळे हात पुसत उभे होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" असं मी हिला किती वेळा विचारलं. दर वेळी तेच उत्तर, "हळूहळू होईल." ठमीला विचारलं तरी तेच, "हळूहळू." सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून ओरडून विचारलं तर त्याही म्हणाल्या, "होईल की हळूहळू." तिघींना एकच शब्द पढवलेला होता.

मग मीच भांडण काढायला लागलो. मला दुसरं काही करता येत नव्हतं. भाजी अळणी आहे म्हणालो, मीठ आलं. खारट आहे म्हणालो, ताट बदललं. हिचा निळा पडदा मला पहिल्यापासून आवडला नाही म्हणालो, तर तिने दुसऱ्या दिवशी तो काढूनच टाकला. उन्हाची तिरीप तोंडावर यायला लागली आणि परत लाव म्हणणार तरी कोणत्या तोंडाने, म्हणून डोळ्यांवर हात घेऊन पडून राहिलो. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हणालो, "तुझ्यापेक्षा तुझी धाकटी बहीण घर नीट ठेवते." या एका वाक्यावर पूर्वी आमच्याकडे आठवडाभर अबोला झालेला आहे. ही केर काढत होती. क्षणभर झाडू थांबला. मला वाटलं, आली, आता आली.

"ठेवत असेल," ही म्हणाली आणि पलंगाखालचा केर ओढायला वाकली.

मी चादर डोक्यावरून घेतली. आत रडलो. तोंडात चादरीचं टोक धरून, आवाज न करता रडलो. मला वाटलं, मी या घरातून गेलोच आहे. फक्त उचलायचं राहिलंय.

त्याच दुपारी मी ते केलं. बाहेर हवा दमट होती म्हणून हिने कपड्यांचं स्टँड माझ्या पलंगाशेजारी उघडून ठेवलं होतं. त्यावर चादरी, ठमीचे कुडते, माझे पायजमे. खाली उरलेल्या कपड्यांची बादली, कारण सकाळी तिला पिळून वाळत घालायला वेळ मिळाला नव्हता. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी स्टँडचा दांडा धरला. मनात हिशोब केला की हातात जोर आहे, जन्मभर दोरखंड ओढलेत, एकदा अंग उभं झालं की पाय आपोआप काहीतरी करतील. हातांनी त्यांचं काम केलं. पायांनी केलं नाही. स्टँड, चादरी, बादली आणि मी, सगळे एकदम खाली आलो. पाणी खोलीभर झालं. मी पालथा पडलो होतो, मानेभोवती ठमीचा ओला कुडता होता. आणि माझे पाय माझ्या मागे कुठे कसे पडलेत ते मला कळत नव्हतं. मान वळवून बघावं लागलं.

हाक मारून उपयोग नव्हता, सासूबाईंना ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. गालाखालची फरशी गार होती. मी तसाच पडून राहिलो.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. ही दारात उभी राहिली. हातात डबा, खांद्यावर पर्स. तिने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, चादरींकडे बघितलं. मी डोळे मिटले. आता ती म्हणेल, 'असू दे हो.' ते मला ऐकवणार नव्हतं.

"अक्कल आहे का तुम्हाला?"

मी डोळे उघडले.

"पहाटे उठून धुतलेत मी ते! पहाटे! मान मोडली असती म्हणजे? काय करायचं होतं एवढं? कुठे जायचं होतं?"

"उभं राहायचं होतं," मी फरशीवरून ओरडलो. "तुम्ही कोणी सांगत नाही, मग मीच बघितलं!"

"काय बघितलंत? काय बघायचंय त्यात?" डबा तिने टेबलावर आदळला. "नाही येणार ते पाय परत! डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलंय. नाही येणार. काय करायचं ते करा!"

स्टँडच्या टोकावरून पाणी टपटपत होतं. हिने तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. मग ती पाण्यातच मटकन खाली बसली. नेहमी जपून नेसायची ती साडी भिजली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"मीच पाडलं तुम्हाला," ती म्हणाली. "दांडी, दांडी करून मीच जीव खाल्ला. माझ्या या तोंडामुळे झालं. तेव्हाच ठरवलं, आता याउपर तुम्हाला एका शब्दाने बोलायचं नाही. ठमीला, आईलाही बजावलं."

मला सगळं कळलं. तोडग्यासारखं तोंड बांधून घेतलं होतं बिचारीने. मी कोपरांवर अंग टेकवून कसाबसा तिच्याकडे वळलो. पाय आले मागून, फरफटत. पाय परत येणार नाहीत हे ऐकून छातीत जे काही झालं ते मला अजून सांगता येत नाही. पण त्या घडीला त्याहून घाईचं एक काम समोर होतं.

"तू सांगितलंस म्हणून मी चढलो?" मी म्हणालो. "तुझं ऐकून मी आयुष्यात कधी एक तरी काम केलंय? इतकी वर्षं तू ओरडलीस म्हणून मी कधी टॉवेल वाळत घातला? मग स्टुलावरच बरा चढेन! माझ्या मनात आलं म्हणून चढलो. उगाच प्रत्येक गोष्टीचं श्रेय घेऊ नकोस."

ते खोटं होतं. हिने ओरडायचं थांबवावं एवढ्यासाठीच मी चढलो होतो. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली, डोळे गळत होते.

"खोटं बोलताय."

"सिद्ध कर."

"मेल्यासारखे पडलाय आणि अजून अक्कल शिकवताय मला!"

"पडलोय, मेलो नाही. आणि तो कुडता काढ माझ्या मानेवरचा, गळफास लागेल."

तिने कुडता ओढून काढला, जोरात, कानाला लागेल असा. मग माझ्या काखेत हात घालून उचलायला बघितलं. दोनदा प्रयत्न केला. मी हलेना. मी तिला म्हणालो, तुझ्यात जोर नाही. ती म्हणाली, तुम्ही पलंगावर पडून पडून पोट वाढवलंय. ठमी आल्याशिवाय हे जमणार नाही हे दोघांना दिसत होतं. आणि ठमी संध्याकाळशिवाय येत नाही. तिने माझी पाठ ओढून पलंगाच्या पायाला टेकवून दिली, माझे पाय हातांनी उचलून सरळ केले, एकाशेजारी एक नीट ठेवले. मला त्यातलं काही कळलं नाही. मी फक्त बघितलं.

"हात शाबूत आहेत ना?" ती म्हणाली आणि एक भिजलेली चादर माझ्या मांडीवर टाकली. "पिळा."

मी पिळायला लागलो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, उलट्या दिशेने पिळताय. मी म्हणालो, तू उलट्या दिशेने पिळतेस. यावरून बराच वेळ गेला. मध्येच तिला हुंदका आला, मग मला आला, पण चादर कोणी सोडली नाही. लाँड्रीत तिची वाट बघत असतील, मी आठवण केली. बघू देत, ती म्हणाली, आणि एक पायजमा उचलला.

पुढे काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी कसा राहणार, घर कसं चालणार, ती मला किती दिवस उचलणार. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पाण्याने पाठ गारठली होती आणि ही माझ्या बहिणीच्या घरच्या मंडळींचा उद्धार करत होती, अगदी पहिल्यापासून, एकालाही न वगळता. मी मध्ये मध्ये नडत होतो. आणि मनात म्हणत होतो, ठमीला आज दुकानात जरा उशीर झाला तरी चालेल.