जायफळाचे वेढे

रिक्षा मुर्धा गावातून सुटली तेव्हा निशिगंधानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बोटांना अजून जायफळाचा वास येत होता, आणि तो सुचेताकाकूच्या नाकापर्यंत जाऊ नये एवढंच तिला सुचत होतं. काकूच्या मांडीवर सात महिन्यांचा प्रणय ओल्या फडक्यासारखा पडला होता, डोळे अर्धवट उघडे. जिजाबाई आजी त्याचे तळपाय चोळत होती.

"प्रणू, बघ ना रे आईकडे," काकू म्हणत होती. चार वाजता भांड्यांच्या कारखान्यातून आल्या आल्या तिनं त्याला पाजायला उचललं, तर पोर जागंच होईना.

"भैया, थोडा जल्दी लो ना," काकू रिक्षावाल्याला म्हणाली.

"टेम्पो आडवा लागलाय ताई. उड के जाऊं क्या?"

निशिगंधा नववीत होती. आठ दिवसांपूर्वी शाळेच्या गॅदरिंगला निवेदक म्हणून तिची निवड झाली आणि तिच्या पायांना स्प्रिंगा लागल्या. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उभी राहिली की जिची जीभ टाळूला चिकटायची, ती आता दुधाची पिशवी आणायलासुद्धा 'रसिक प्रेक्षकहो' करत जायची. आज दोनला तालीम होती. आजी शेजारी हळदीला गेलेली, आणि प्रणूला दात येत होते म्हणून त्याची किरकिर संपेना. मग तिनं सहाण काढली, दूध घातलं आणि जायफळ उगाळायला घेतलं. आजी रोज सकाळी घुटीत जायफळाचे दोन वेढे द्यायची, म्हणजे सहाणेवर दोनदा गोल फिरवायची, बस. निशिगंधानं फिरवता फिरवता अख्खं निवेदन म्हणून टाकलं. प्रणूनं शहाण्यासारखं सगळं चाटलं आणि झोपला. आजी परत येताच ही तालमीला पळाली. घरी आली ती या रिक्षात बसायलाच.

भाईंदर पश्चिमेच्या इस्पितळात इमर्जन्सीचा दरवाजा मागच्या बाजूला होता. पुढून मागे तिघी धावतच गेल्या. तरुण डॉक्टरनं प्रणूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळपायाला टिचकी मारली. पाय जरासा हलला आणि पुन्हा गळाला.

"ताप? उलटी? कुठून पडला?"

"नाही हो, काहीच नाही," काकू म्हणाली.

"औषध काही दिलं?"

"औषध न्हाय, काय न्हाय," आजी ठामपणे म्हणाली.

आणि ती खोटं बोलत नव्हती. त्यांच्या घरात तेल ते तेल, काजळ ते काजळ आणि घुटी ती घुटी. तिला औषध कोण म्हणणार?

"मेंदूला सूज असू शकते. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागेल. इथे सही करा."

काकूनं पेन घेतलं. निशिगंधाला प्रणूची पाठ दिसली, तळहाताएवढी. बोलली तर काकू पुन्हा कधी पोर हातात देणार नाही. आणि नाही बोलली तर त्या पाठीत सुई.

"घुटी दिली," ती म्हणाली. आवाज गेल्या वर्षीचाच निघाला. "जायफळ. दुपारी मी दिलं."

"सकाली मीनी दिलती ना गो," आजी म्हणाली. "तू परत दिलीस?"

डॉक्टर वळला. "किती दिलंस? नखाएवढं? चमचाभर?"

"मोजलं नाही. मी गॅदरिंगचं निवेदन म्हणत होते. ते संपेपर्यंत उगाळत होते."

यावरून माप कसं काढावं ते डॉक्टरला कळेना. पण शेजारच्या खाटेपाशी सलाईनची नळी सोडवत असलेली नर्स, हंसा सिस्टर, थांबली.

"हमारे घर में भी घिसते हैं, सर. बेटा, तू बोल वो. हाथ घुमा. मैं गिनती हूँ."

डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस खाटेवर उठून बसला. निशिगंधानं स्टीलच्या ट्रेवर तीन बोटं टेकवली.

"रसिक प्रेक्षकहो, आजच्या या रंगतदार संध्याकाळी..."

"ऐसे भाग मत. दोपहर में किया वैसा."

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुख्याध्यापकांचं स्वागत झालं, पाहुण्यांची ओळख झाली, कोळीनृत्य आलं. बोटं फिरत होती. "इथे मी टाळ्यांसाठी थांबते," ती म्हणाली, आणि हात तसाच फिरवत राहिली. कोणी हसलं नाही.

"बावन," हंसा सिस्टर म्हणाली.

आजीनं 'मी दोनच' म्हणत दोन बोटं दाखवली. काकूनं पेन खाली ठेवलं. निशिगंधाकडे मात्र पाहिलं नाही.

"सुई आत्ता नको," डॉक्टर म्हणाला. "सलाईन लावू, श्वासावर लक्ष ठेवू. जायफळाची गुंगी असेल तर उतरेल. नाही उतरली तर मग ती सही लागेलच."

मग काही सुचू नये असा वेळ गेला. काकू रुपयाच्या फोनवरून काकांना सांगून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आजीनं गावदेवीला नारळ बोलला, मग दोन बोलले. निशिगंधा एकोणीस फरश्या जायची, एकोणीस यायची. निवेदन आपोआप ओठांवर यायचं आणि ती ते दातांखाली दाबायची.

साडेसातच्या सुमाराला आतून किरकिर आली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग दुपारच्या त्या किरकिरीसारखीच, आणि मग खणखणीत भोकाड.

"रोने दो, रोने दो," हंसा सिस्टर म्हणाली. "अब भूख लगी है साहब को."

काकूनं प्रणूला छातीशी घेतलं आणि त्याच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिली. तिघी तशाच उभ्या. पोर रडत होतं आणि कोणीच त्याला गप्प करत नव्हतं. निशिगंधाचे हात आपसूक पुढे झाले. लक्षात येताच तिनं ते मागे घेतले.

काकूनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "जायफळाचा वास येतोय. साबण लावून धू. मग घे त्याला."